गल्ल्यावर कोण बसले आहे?

बाहेर जेवायचे तर साखळी उपाहारगृहात जावे, की मालक स्वतः उभा राहून चालवतो अशा गावातल्या हॉटेलात, या प्रश्नावर या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही दर सुटीत मुंबईहून कराडला गाडीने जातो. द्रुतगती मार्गावर मुले ठरावीक बर्गरच्या दुकानासाठी हट्ट धरतात आणि यजमान त्यांचीच बाजू घेतात. साखळीच्या दुकानात चव ठरलेली असते, फसवणूक होत नाही आणि स्वच्छतागृह धड असते, असे त्यांचे म्हणणे आहे. मला मात्र वाटेत एखाद्या घरगुती हॉटेलात पिठले-भाकरी खावी असे वाटते. आमच्यापैकी चूक कोणाची?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : प्रवासाच्या त्या टप्प्यापुरते तुमच्या यजमानांचे म्हणणे बरोबर आहे. साखळी उपाहारगृह पदार्थाबरोबर खात्री विकते आणि ती खात्री फार कष्टाने उभी केलेली असते. मॅकडोनाल्ड्सने भारतातले पहिले दुकान १९९६ मध्ये उघडले, पण त्याआधी काही वर्षे पुरवठ्याची साखळी बांधण्यात घालवली. टिक्क्यांसाठी तळोज्यात कारखाना उभा राहिला, तर बटाट्याच्या तळलेल्या फोडी पुढे गुजरातेतील मेहसाण्याहून येऊ लागल्या. गोठवलेली टिक्की दुकानात येते, ठरलेल्या तापमानाच्या तेलात ठरलेल्या वेळेपुरती पडते, आणि म्हणून ती पनवेलला जशी लागते तशीच नागपूरला लागते. अनोळखी ठिकाणी, मुले भुकेने रडकुंडीला आलेली असताना, या सारखेपणाला किंमत आहे.

त्या रस्त्याची घडणही लक्षात घ्यायला हवी. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर वाटेल तेथे चढता-उतरता येत नाही, त्यामुळे थांबण्याची सोय नेमून दिलेल्या जागांपुरतीच आहे आणि तेथील गाळ्याचे भाडे पेलण्याची ताकद असणारेच तेथे टिकतात. तेथे मोठ्या नावांची गर्दी दिसते ती यामुळे. खोपोलीच्या आणि लोणावळ्याच्या जुन्या रस्त्यावरची वर्दळ नव्या मार्गाकडे वळली, तेव्हा त्या रस्त्यावरच्या हॉटेलांचा स्वयंपाक बिघडलेला नव्हता, त्यांच्या दारावरून जाणारी गाडी दुसरीकडून जाऊ लागली एवढेच.

पुण्याच्या पुढे मात्र परिस्थिती बदलते. खंबाटकी ओलांडली की सुरूर, पाचवड, सातारा, उंब्रज या पट्ट्यात हव्या त्या हॉटेलासमोर गाडी उभी करता येते, आणि तेथे मी तुमच्या बाजूने आहे. हॉटेल निवडताना दारात उभ्या असलेल्या गाड्या पाहा. त्याच तालुक्यातली माणसे जेथे जेवायला येतात तेथे शिळे अन्न फार काळ खपत नाही, कारण त्या गिऱ्हाइकाला उद्याही त्याच रस्त्याने जायचे असते आणि गावात बोलायला माणसे असतात. पदार्थांची यादी आखूड असली तर उत्तमच. दहा भाज्या लिहिल्या असतील आणि भटारखान्यात दोनच माणसे असतील, तर त्या भाज्या सकाळपासून तयार पडलेल्या असणार हे समजून घ्यावे. भाकरी थापलेली आहे की सांगितल्यावर थापतात, हे विचारा आणि थापणार असतील तर दहा मिनिटे थांबा. मुलांना तव्यावरून उतरलेली भाकरी, लोणी आणि गुळाचा खडा मिळाला तर बर्गरची आठवण कमी होते, असा माझा अनुभव आहे. तेव्हा जाताना मुलांच्या आवडीचे आणि येताना तुमच्या आवडीचे, अशी वाटणी करून पाहा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मला मधुमेह व रक्तदाब दोन्ही आहेत. मुलगा म्हणतो की मोठ्या साखळीत उष्मांक लिहिलेले असतात आणि तेथील स्वयंपाकघर स्वच्छ असते, म्हणून तेथेच जावे. हे कितपत खरे मानावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : उष्मांकांबद्दल आपल्या मुलाचे म्हणणे खरे आहे, आणि त्यामागे कायदा आहे. ज्या खाद्यव्यवसायाकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्याची १० वा अधिक ठिकाणी दुकाने आहेत, त्याने प्रत्येक पदार्थासमोर त्याचे उष्मांक आणि वाढपाचे प्रमाण लिहिले पाहिजे, असा अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. त्याची अंमलबजावणी जुलै २०२२ पासून सुरू झाली. एकाच गावात एक दुकान चालवणाऱ्यावर हे बंधन नाही. मोजून-मापून खाणाऱ्या माणसाला ही माहिती उपयोगी आहे, तिचा लाभ आपण अवश्य घ्यावा. मात्र उष्मांकांचा आकडा साखर आणि मीठ किती आहे हे सांगत नाही, आणि आपल्याला नेमकी काळजी त्या दोन गोष्टींची आहे.

गावातल्या हॉटेलाची जमेची बाजू येथे येते. साखळीच्या दुकानात बर्गरवरचा सॉस नको म्हणून सांगता येते, पण टिक्कीत कारखान्यातच मिसळलेले मीठ काढता येत नाही आणि समोरचा मुलगा कितीही भला असला तरी ते त्याच्या हातात नाही. ओळखीच्या हॉटेलात मालकाला सांगितले की वरणात वरून मीठ घालू नका, ताकात साखर नको, पोळीला तेल लावू नका, तर आचारी ते ऐकतो. माझ्या परिचयातील एका गृहस्थांसाठी त्यांच्या गल्लीतील खानावळवाल्या बाई गेली कित्येक वर्षे आमटी गुळाशिवाय वेगळी काढून ठेवतात. त्यासाठी त्यांना कधी जादा पैसे द्यावे लागले नाहीत.

स्वच्छतेचा निकाल नावावरून लावू नये. साखळीत तपासणीची पद्धत लिखित असते हे खरे, पण ती पाळणारी माणसे त्या त्या दुकानातलीच असतात. परवाना किंवा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक दोघांनाही सक्तीचा आहे, तो दर्शनी भागात आणि बिलावर असायला हवा. तेलाचाही नियम दोघांना सारखाच आहे. तळून तळून तेल बिघडते तसे त्यात वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल पुन्हा वापरता येत नाही. ते मोजण्याचे यंत्र आपल्याजवळ नसते, पण काळपट, दाट झालेले, तळताना खूप फेसाळणारे आणि घशाला खवखवणारे तेल ओळखायला यंत्र लागत नाही. भटारखाना पाहू द्याल का, असे एकदा नम्रपणे विचारावे. त्यावर मालकाच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यावरून पुष्कळ कळते. गंभीर तक्रार असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्यावी.

प्रश्न : एका उपाहारगृहाने बिलात १० टक्के सेवा शुल्क लावले आणि ते द्यावेच लागेल असे सांगितले. उलट आमच्या कोपऱ्यावरची खानावळ जीएसटी लावतच नाही. ती कर चुकवते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सेवा शुल्क हा सरकारी कर नाही. ते बिलात आपोआप लावू नये आणि ग्राहकावर सक्ती करू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती वैध ठरवली. शुल्क काढून टाकण्यास सांगा. नकार मिळाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

खानावळीबद्दल लगेच संशय धरू नका. साधारण उपाहारगृहाच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, परंतु वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या व्यावसायिकाला नोंदणीच करावी लागत नाही. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीचे उपाहारगृह आपसमेळ (कंपोझिशन) योजनेत जाऊ शकते. तेव्हा ते कर स्वतःच्या खिशातून भरते आणि ग्राहकाकडून तो वसूल करण्यास त्याला मनाई असते. अशा ठिकाणी तसा फलक लावलेला असतो. फलक शोधा, म्हणजे शंका राहणार नाही.

प्रश्न : स्थानिक हॉटेलांना पाठिंबा द्या असे सगळे सांगतात. पण आमच्या भागातली जुनी हॉटेले उडुपीकडच्या शेट्टींची, बेकरी इराण्याची, आणि पिझ्झाच्या साखळी दुकानात काम करणारी सगळी मुले मात्र आमच्याच चाळीतली. मग स्थानिक कोण? आणि साखळीत दिलेला पैसा परदेशी जातो हे खरे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात गैरसमज अधिक आहेत. परदेशी नावाची बहुतेक दुकाने भारतीय कंपन्या चालवतात. पश्चिम आणि दक्षिण भारतातील मॅकडोनाल्ड्स मुंबईची वेस्टलाइफ ही कंपनी चालवते, डॉमिनोज जुबिलंट फूडवर्क्स चालवते, आणि स्टारबक्सने २०१२ मध्ये हॉर्निमन सर्कलला पहिले दुकान उघडले ते टाटांच्या भागीदारीत. विक्रीतला काही भाग नावाच्या वापरासाठी मूळ कंपनीला जातो, पण पगार, भाडे, वीज, कर हे सारे येथेच खर्च होते. तुमच्या चाळीतल्या मुलांना तेथे वेळेवर पगार, भविष्य निर्वाह निधी आणि कामाचे शिक्षण मिळत असेल, तर ते मोलाचे आहे. अनेक लहान हॉटेलांत पोऱ्याला अजूनही ते मिळत नाही आणि त्याबद्दल लहान हॉटेलवाल्यांना सूट द्यावी असे मला वाटत नाही.

आता स्थानिक कोण ते पाहू. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया हे इराणी उपाहारगृह १९२३ चे आहे. पुण्याच्या डेक्कनवरचे कॅफे गुडलक हेही इराण्याचेच, १९३५ चे. माटुंगा स्थानकाजवळ रामा नायक यांनी उडुपी पद्धतीचे भोजनालय १९४२ मध्ये सुरू केले. यांतले कोणीही महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले नव्हते. पण ज्या गावात त्यांनी कमावले त्या गावात ते राहिले, गल्ल्यावर स्वतः बसले, गिऱ्हाइकाचे बोलणे त्यांनी स्वतः ऐकले. स्थानिक असण्याची माझी व्याख्या एवढीच आहे. मालकाचे आडनाव काय आहे याच्याशी तिचा संबंध नाही. समोरच्या ताटाबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार त्या छपराखालच्या कोणाला तरी आहे का, याच्याशी आहे. या कसोटीवर उडुपीवाला स्थानिक ठरतो, आणि मराठी नावाची पण दूरच्या कार्यालयातून हलणारी साखळी ठरत नाही. बटाटेवडा पावात घालून विकण्याची सुरुवात १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेरच्या एका गाडीवर झाली असे मानले जाते, आणि २००१ मध्ये मालाडला त्याच पदार्थाची साखळी सुरू झाली. पदार्थ आपला असला म्हणून दुकानाची रीत आपली राहतेच असे नाही.

या अधिकाराचा अर्थ मला विद्यार्थिदशेत कळला. सदाशिव पेठेतल्या ज्या खानावळीत मी तीन वर्षे जेवले, तेथे गावी गेले की आधी सांगून खाडा लावता येई आणि महिन्याच्या हिशेबातून तेवढे पैसे वजा होत. एका पावसाळ्यात वडिलांची मनिऑर्डर पंधरा दिवस लांबली तेव्हा मालकांनी वहीत एक रेघ ओढली आणि ताट वाढायला सांगितले. त्यासाठी त्यांना कोणाला विचारावे लागले नाही.

हीच गोष्ट गिरणगावात फार मोठ्या प्रमाणावर घडत होती. गावाकडून एकट्याने आलेल्या कामगारांना खोलीत रांधून घालणाऱ्या खानावळवाल्या बायका पगार होईपर्यंत उधारीवर जेवण देत आणि त्या उधारीसाठी स्वतः सावकाराचे व्याज भरत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेच्या कर्जाचे दार उघडून दिले. पुढे १९८२ चा गिरणी संप आला, कामगारांचे पगार थांबले आणि त्यासोबत या खानावळींचेही कंबरडे मोडले. वस्ती आणि चूल एकमेकींना किती बांधलेल्या होत्या, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. साखळी उपाहारगृह अशा वेळी ते दुकान बंद करून दुसऱ्या भागात उघडते. व्यवसाय म्हणून ते योग्यच आहे, पण तुमच्या डोंबिवलीत कोणता मालक अडचणीच्या वर्षातही दार उघडे ठेवील, हे पाहून तुम्ही आपला रविवारचा नाश्ता कोठे करायचा ते ठरवा.

प्रश्न : माझ्या वडिलांची मटण-भाकरीची खानावळ आहे. गाळा स्वतःचा, मुख्य रस्त्यावर. वडील चौसष्ट वर्षांचे आहेत आणि आता फार वेळ उभे राहवत नाही. एका चहा-नाश्त्याच्या साखळीचा माणूस येऊन गेला. खानावळ बंद करून आमची फ्रँचायझी घ्या, दरमहा निश्चित नफा मिळेल, असे तो म्हणतो. रश्श्याचे प्रमाण वडिलांच्या हातातच आहे, कोठे लिहिलेले नाही. मोबाइल ॲपवरून ऑर्डरी येतात पण कमिशन फार जाते. मी काय करावे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. खानावळ टिकावी असे मला मनापासून वाटते, पण केवळ भावनेपोटी तुम्ही नकार द्यावा असे मी सांगणार नाही. आधी त्या माणसाने दाखवलेला नफा नीट तपासू.

तुमचे सर्वांत मोठे भांडवल तो गाळा आहे. साखळीचा प्रतिनिधी जो हिशेब मांडतो त्यात स्वतःच्या गाळ्याचे भाडे शून्य धरलेले असते, म्हणून नफा मोठा दिसतो. तोच गाळा बँकेला किंवा औषधाच्या दुकानाला दिला तर काय भाडे येईल ते चौकशी करून काढा आणि ती रक्कम त्याच्या आकड्यातून वजा करा. मग रॉयल्टी, म्हणजे नाव वापरल्याबद्दल कंपनीला द्यायची रक्कम, पाहा. ती सहसा विक्रीवर असते, नफ्यावर नसते, त्यामुळे तोट्याच्या महिन्यातही ती द्यावी लागते. तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि उपाहारगृहाला ५ टक्क्यांच्या दरात भरलेल्या कराची वजावट मिळत नसल्याने तो सगळा तुमच्या खिशातून जातो. त्यानंतर प्रवेश शुल्क, दुकानाची सजावट, कच्चा माल केवळ कंपनीकडून घेण्याचे बंधन आणि त्याचा दर वाढवण्याचा अधिकार कोणाकडे, हे सगळे लिहून घ्या.

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद, यांवरच मुख्य भिस्त असते. म्हणून त्या कागदात तीन गोष्टी वकिलाकडून वाचून घ्या : तुमच्यापासून किती अंतरात कंपनी दुसरे दुकान देणार नाही, मुदतीआधी बाहेर पडायचे झाले तर काय गमवावे लागेल, आणि बाहेर पडल्यावर त्याच गाळ्यात स्वतःचा खाद्यव्यवसाय करता येईल का. माझ्या परिचयातील एका जोडप्याने पहिली गोष्ट पाहिली नाही. वर्षाच्या आत त्याच नावाचे दुसरे दुकान त्यांच्याच रस्त्यावर उघडले आणि कंपनीची रॉयल्टी दोन्हीकडून चालू राहिली. तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या निदान चार दुकानदारांना भेटा, आणि ते कंपनीने सुचवलेले नसावेत.

एवढे करून निश्चित नफा उरत असेल आणि खानावळ चालवण्याची तुमची स्वतःची इच्छा नसेल, तर फ्रँचायझी घेण्यात कमीपणा नाही. पण पत्रात तुम्ही रश्श्याचे प्रमाण लिहिलेले नसल्याची खंत आवर्जून लिहिली आहे, त्यावरून तुमचे मन कोठे आहे ते मला दिसते. तसे असेल तर साखळीवाल्यांची एक गोष्ट खरोखर शिकण्यासारखी आहे, ती म्हणजे मोजणे. महिनाभर वडिलांशेजारी तराजू घेऊन उभ्या राहा. ते मूठभर म्हणतील तेथे ती मूठ आधी तराजूत टाकायला लावा. कांदा किती परततात ते घड्याळ लावून लिहा, कांदा-लसूण मसाला कोणत्या मिरचीचा आणि कोणत्या महिन्यात केलेला ते लिहा, पाच किलो मटणाला किती आणि पंधरा किलोला किती हे वेगवेगळे लिहा, कारण प्रमाण सरळ तिप्पट होत नाही. मग एक आचारी ठेवा आणि वडिलांना गल्ल्यावर बसवा. चव पाहून पातेले उतरवण्याची परवानगी मात्र त्यांच्याकडेच राहू द्या.

ॲपबद्दल दोन शब्द. कमिशनवरही १८ टक्के जीएसटी असतो आणि त्याचीही वजावट मिळत नाही. या कंपन्यांच्या व्यवहारांबद्दल उपाहारगृहांच्या संघटनेने तक्रार केली होती आणि एप्रिल २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेशही दिला. तुम्ही त्या वादाची वाट पाहू नका. नवे गिऱ्हाईक मिळवण्यापुरते ॲप ठेवा, आणि प्रत्येक पार्सलच्या डब्यावर खानावळीचा फोन क्रमांक छापून, थेट फोन केल्यास रस्सा जास्त मिळेल असे लिहा. गावातल्या गावात डबा पोचवायला सायकलवरचा एक मुलगा पुरतो.

राहिले खानावळीचे नाव. साखळीवाल्यांना गाळ्याइतकेच गावातले चालते नावही हवे असते. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली उपाहारगृह सेवेसाठी वर्ग ४३ मध्ये नोंदणीचा अर्ज करता येतो, आणि व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने तो ऑनलाइन केला तर सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे. फ्रँचायझी घ्या वा घेऊ नका, कोणत्याही कागदावर सही करण्याआधी हा अर्ज वडिलांच्या नावाने करून टाका.